न केलेला खाडा

१२ नोव्हेंबर २०२५ च्या रात्री राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी खर्चाच्या विधेयकावर सही केली आणि अमेरिकेचं सरकार पुन्हा सुरू झालं. खर्चाला मंजुरी नसल्यामुळं १ ऑक्टोबरपासून ते बंद होतं. ४३ दिवस. या देशाच्या इतिहासात सरकारी कामकाज इतके दिवस कधीच ठप्प झालं नव्हतं. आधीचा विक्रम २०१८-१९ च्या हिवाळ्यातला, ३५ दिवसांचा. सही झाल्यावर वॉशिंग्टनकडे जाणाऱ्या मेट्रोच्या गाड्या पुन्हा भरून धावू लागल्या, स्मिथसोनियनची संग्रहालयं एकेक करून उघडली आणि बातम्या पुढच्या विषयाकडे वळल्या.

मला तसं वळता येत नाही. मी ज्या सरकारी इमारतीत काम करते, तिथल्या कॅन्टीनमध्ये सकाळी अंडी आणि टोस्ट करून देणाऱ्या बाईंना त्या ४३ दिवसांचा एक सेंटही मिळालेला नाही, आणि मिळणारही नाही. त्यांनी एकही खाडा केला नव्हता. कामावर यायची त्यांची तयारी होती. दरवाजाच बंद होता. वरच्या मजल्यावर बसणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याला घरी बसलेल्या दिवसांचा पूर्ण पगार नंतर मिळाला. कॅन्टीन चालवणाऱ्या ठेकेदाराच्या माणसांना मिळाला नाही. त्या बंदाबद्दल मला जे सांगायचंय त्याच्या मुळाशी हा एवढाच फरक आहे.

मी मेरीलँडमध्ये, मॉन्टगोमेरी काउंटीत राहते. हा वॉशिंग्टनच्या शेजारचा भाग. इथं कुठल्याही गल्लीत चार घरं मोजा, एखादं तरी फेडरल, म्हणजे इथल्या केंद्र सरकारात काम करणारं निघतं. मी स्वतः सरकारी नोकर नाही. एका ठेकेदार कंपनीमार्फत एका सरकारी कार्यालयाची आकडेवारी सांभाळायचं काम करते. बंद सुरू झाला तसा काम थांबवण्याचा आदेश आला. कंपनीनं आधी शिल्लक रजा वापरायला सांगितली, ती संपल्यावर बिनपगारी. तो पगार माझाही गेला. पण नवऱ्याची नोकरी खासगी आहे, घराचा हप्ता चुकला नाही, मुलीचा क्लास बंद करावा लागला नाही. म्हणून ही कैफियत माझी नाही.

बंद पडला म्हणजे सगळेच घरी बसतात असं नाही. माणसांचे तीन गट पडतात. पहिला फर्लोवर पाठवलेल्यांचा: घरी बसा, काम करू नका, पगार मिळणार नाही. बायपार्टिझन पॉलिसी सेंटर या अभ्यास संस्थेच्या अंदाजानुसार यावेळी असे सुमारे ६ लाख ७० हजार जण होते. दुसरा गट ‘एक्सेप्टेड’ म्हणजे ज्यांच्यावाचून चालत नाही अशांचा, सुमारे ७ लाख ३० हजार. विमानतळावर बॅगा तपासणारे, विमानांना आकाशात वाट दाखवणारे, तुरुंगांचे पहारेकरी, हवामानाचा अंदाज देणारे. यांनी कामावर यायचंच, फक्त पगार मात्र नाही. आणि फेडरल नोकराला संप करायला कायद्यानं बंदी आहे. १९८१ मध्ये हवाई वाहतूक नियंत्रकांनी संप केला तेव्हा रेगन यांनी ११ हजारांहून जास्त नियंत्रकांना कामावरून काढलं होतं; त्याची आठवण त्या खात्यात आजही ताजी आहे. तिसरा गट आमचा, ठेक्यावरच्या माणसांचा. सफाई, सुरक्षा, कॅन्टीन, संगणक. आमच्यासारखे एकूण किती, याची एकत्र नोंद सरकार ठेवतच नाही. ज्याची गणतीच नाही त्याचं नुकसान कुणाच्या हिशेबात येणार?

माझे बाबा साताऱ्याच्या जिल्हा कोषागारातून निवृत्त झाले. आयुष्यभर त्यांनी बिलं पास केली. ३१ मार्चला ते रात्री उशिरा घरी यायचे. कोषागाराबाहेर बांधकाम, पाटबंधारे, शिक्षण अशा सगळ्या खात्यांचे कारकून बिलांचे गठ्ठे घेऊन ताटकळत असायचे, कारण बारा वाजले की तरतूद रद्द. त्यामुळे अमेरिकेच्या बंदाची बातमी मराठी वाहिनीवर ऐकून त्यांचा फोन आला तेव्हा मला पहिल्यापासून काही समजावून सांगावं लागलं नाही.

“तरतूद नाही तर पैसा नाही, हे बरोबरच आहे,” ते म्हणाले. “आपल्याकडंही संचित निधीतून एक रुपया काढायचा तर विनियोजनाचा कायदा लागतो. पण अगं, मग लेखानुदान का घेत नाहीत? तीन-चार महिन्यांच्या खर्चापुरतं?”

मी म्हटलं, भांडण त्याच्यावरच आहे बाबा. इथं त्याला कंटिन्यूइंग रिझोल्यूशन म्हणतात, बोलताना सगळे नुसतं सीआर म्हणतात. खालच्या सभागृहानं १९ सप्टेंबरला ते मंजूर केलं, २१ नोव्हेंबरपर्यंतचं. पण सेनेटमध्ये, म्हणजे वरच्या सभागृहात, चर्चा थांबवून मतदान घ्यायला १०० पैकी ६० मतं लागतात आणि रिपब्लिकन पक्षाकडे ५३ आहेत.

“म्हणजे सरकारला पैसे मंजूर करून घेता आले नाहीत?”

“नाही.”

“मग सरकार पडत का नाही?”

चाळीस वर्षं कोषागारात काढलेल्या माणसाचा हा प्रश्न होता, आणि तो अगदी नेमका होता. आपल्याकडं लोकसभेत अर्थसंकल्प हरला की मंत्रिमंडळाला जावं लागतं. बाबांनी १९९१ ची आठवण काढली. त्यावर्षी ४ मार्चला यशवंत सिन्हांनी हंगामी अर्थसंकल्प मांडला आणि दोनच दिवसांनी चंद्रशेखर यांनी राजीनामा दिला. सरकार गेलं, निवडणूक लागली, देशाकडं परकीय चलन उरलेलं नव्हतं. तरीही संसदेनं लेखानुदान मंजूर करून ठेवलं होतं. केंद्र सरकारची कार्यालयं नव्या आर्थिक वर्षातही चालू राहिली, तिथले पगार निघाले. पूर्ण अर्थसंकल्प यायला २४ जुलै उजाडली. मधल्या काळात सरकार पडलं, पण कार्यालयं चालू राहिली. अमेरिकेत याच्या उलट होतं. राष्ट्राध्यक्ष वेगळा निवडून येतो, काँग्रेस, म्हणजे इथली संसद, वेगळी निवडून येते, कोणीच कोणाला खाली खेचू शकत नाही. दोघंही आपापल्या खुर्चीत पक्के. मग अडवणुकीचा भार कुठंतरी पडायला हवा. तो कार्यालयांवर आणि तिथल्या माणसांवर पडतो.

आपल्याकडं सगळं ठीक आहे असं मला म्हणायचं नाही. बिलं आपल्याकडंही थकतात. छोट्या ठेकेदारांची वर्षानुवर्षं थकतात, आणि त्यांच्या हाताखालच्या मजुरांचं काय होतं ते कोणी विचारत नाही. तेही बाबांनीच सांगितलं. पण थकलेलं बिल हे आपल्याकडं निदान देणं मानलं जातं. टोकन पडलेलं असतं, नंबर लागलेला असतो. माझ्या कॅन्टीनवाल्या बाईंचं कुठंच टोकन नाही.

हे सगळं दगडावर कोरलेलं आहे, राज्यघटनेनंच असं सांगितलंय, असा इथं बऱ्याच लोकांचा समज आहे. तसं नाही. घटना एवढंच सांगते की कायद्यानं तरतूद केल्याशिवाय तिजोरीतून पैसा काढायचा नाही. १८८४ च्या अँटिडेफिशियन्सी अ‍ॅक्टनं त्यात भर घातली: तरतूद नसताना खात्यांनी कोणाकडून फुकट सेवासुद्धा घ्यायची नाही. त्या काळी खाती वर्षाचा पैसा चार-सहा महिन्यांत उडवायची, मग माणसांकडून बिनपगारी काम करून घ्यायची आणि वर्षअखेरीला काँग्रेसपुढं बिल टाकायची. त्याला आळा घालायला तो कायदा आला. पुढं जवळजवळ शंभर वर्षं, मुदत उलटली तरी कार्यालयं चालू राहत. १९७० च्या दशकात तर बऱ्याचदा तरतूद संपायची, खाती थोडा हात आखडता घ्यायची, काही दिवसांनी काँग्रेस पैसे मंजूर करायची.

हे बदललं २५ एप्रिल १९८० ला. राष्ट्राध्यक्ष कार्टर यांचे अ‍ॅटर्नी जनरल बेंजामिन सिव्हिलेटी यांनी मत दिलं की जुन्या कायद्याचा सरळ अर्थ लावला तर तरतूद संपताच खात्यानं दारं बंद केली पाहिजेत. आठवडाभरात, १ मे १९८० ला, फेडरल ट्रेड कमिशन एका दिवसासाठी बंद झालं. तो पहिला बंद. पुढच्या वर्षी जानेवारीत सिव्हिलेटींनीच दुसरं मत देऊन माणसांच्या जिवाचं आणि मालमत्तेचं रक्षण करणारी कामं वगळली. आजची फर्लो आणि एक्सेप्टेडची विभागणी तिथून आली. सिव्हिलेटी २०२२ मध्ये वारले. त्याआधी, ३५ दिवसांच्या बंदाच्या वेळी, आपल्या मताचा असा राजकीय डाव म्हणून वापर होईल आणि तो इतके दिवस चालेल अशी कल्पनाही केली नव्हती, असं त्यांनी पत्रकारांना सांगितलं होतं. एका वकिलानं, प्रामाणिकपणे, काँग्रेसला शिस्त लागावी म्हणून लावलेला अर्थ. काँग्रेसला शिस्त लागली नाही. वर्षाची सगळी विधेयकं वेळेत मंजूर करणं १९७७ पासून तिला फक्त चार वर्षी जमलंय, शेवटचं १९९७ च्या आर्थिक वर्षासाठी.

फुकट सेवेवरची ती बंदी प्रत्यक्षात किती चमत्कारिक होते ते मी शेजारच्या घरात पाहिलं. तिथली माझी मैत्रीण एका फेडरल संशोधन संस्थेत शास्त्रज्ञ आहे. पहिल्या दिवशी सकाळी तिला अर्ध्या दिवसासाठी बोलावलं, सामान आवरून बंद करायला. त्यानंतर ऑफिसचा लॅपटॉप उघडायचा नाही, मेल पाहायची नाही, फोनवर कामाचं बोलायचं नाही. केलं तर कायदेभंग. तिच्या प्रयोगातल्या पेशी वाया जाणार होत्या, त्या वाचवायला ती स्वतःच्या खर्चानं रोज जायला तयार होती. परवानगी नव्हती. दुपारी आमच्या ओट्यावर बसून भाजी निवडताना ती मला त्या पेशींच्या कोणत्या दिवशी काय व्हायला हवं होतं ते सांगत राहायची. तिला पगार परत मिळाला. पेशी परत मिळाल्या नाहीत.

दिवाळी या बंदातच आली. २१ ऑक्टोबरला लक्ष्मीपूजन होतं. आमच्या भागातली दहा-बारा मराठी कुटुंबं दरवर्षी एकत्र फराळ करतात, यावेळीही जमली. चकल्या, अनारसे, चिवडा, सगळं होतं. पण बोलणं फिरून फिरून एकाच ठिकाणी येत होतं. तिथं नाशिककडचा एक मुलगा होता, एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर आलेला. सप्टेंबरात त्याच्या कंपनीनं कपात केली. नोकरी गेली की दुसरा मालक शोधून त्यानं अर्ज दाखल करेपर्यंत ६० दिवस मिळतात. त्यानं तीन आठवड्यांत नवी नोकरी मिळवली. पण नव्या मालकाला अर्ज करायचा तर आधी कामगार खात्याकडून एलसीए हे प्रमाणपत्र घ्यावं लागतं, आणि कामगार खात्याचा तो विभाग १ ऑक्टोबरपासून बंद. संकेतस्थळच बंद, अर्ज भरायचीसुद्धा सोय नाही. ६० दिवस मात्र चालूच. पाळण्यातलं बाळ कडेवर घेऊन त्याची बायको कोणालातरी विचारत होती, घरभाड्याचा करार मोडला तर किती दंड पडतो. ग्रीन कार्डाच्या रांगेत उभ्या असलेल्यांची पर्मची, म्हणजे त्यासाठी कामगार खात्याकडून घ्यायच्या प्रमाणपत्राची, कामंही तशीच अडकली होती. ऑक्टोबर संपता संपता तो विभाग पुन्हा सुरू झाला आणि त्या मुलाचं काम मुदतीत निभावलं. सगळ्यांचं निभावलं असेल असं मला वाटत नाही.

ज्या काँग्रेसमुळे ही वेळ आली त्यात त्या मुलाला मत नव्हतं. बाईंनाही नव्हतं, त्या एल साल्वाडोरहून येऊन दोन दशकं झाली, कायदेशीर परवान्यावर काम करतात, पण नागरिक नाहीत. मला आहे, म्हणून हे बोलायची जबाबदारी मी माझ्याकडं घेते.

आता भांडण कशावर होतं ते सांगायला हवं, नाहीतर एका बाजूला अन्याय होईल. ओबामांच्या काळातल्या आरोग्य विमा योजनेतून विमा घेणाऱ्यांना महासाथीच्या काळात जास्तीची करसवलत मिळाली होती. २०२५ च्या अखेरीला ती संपणार होती. दोन कोटींहून जास्त लोकांचे हप्ते वाढणार होते, काहींचे दुपटीपेक्षा जास्त. डेमोक्रॅट म्हणाले, आधी याची सोय करा, मग मत देतो. रिपब्लिकन म्हणाले, आधी सरकार उघडा, मग बोलू. माझं स्वतःचं मत विचाराल तर विम्याची मागणी रास्त होती. ज्या देशात रुग्णवाहिकेत बसायच्या आधी माणूस खर्चाचा विचार करतो तिथं ती रास्त नसेल तर कुठली असेल? आणि तरीही हे हत्यार चुकीचं होतं, असं मला वाटतं. २०१८ मध्ये ट्रम्प यांनी मेक्सिकोच्या सीमेवरच्या भिंतीसाठी ५.७ अब्ज डॉलर मागत हेच हत्यार उचललं तेव्हाही चुकीचं होतं. मागणी कितीही चांगली असली तरी तिची किंमत बाईंच्या पगारातून भरली जात असेल तर मागणाऱ्यानं निदान ती किंमत मोजायला हवी. कुठल्याच बाजूनं मोजली नाही. खालच्या सभागृहाच्या सभापतींनी तर १९ सप्टेंबरनंतर १२ नोव्हेंबरपर्यंत सभागृहाचं कामकाजच भरवलं नाही. सरकारनं याच काळात चार हजारांवर नोकरांना कपातीच्या नोटिसा पाठवल्या, बंदाचा उपयोग माणसं कमी करायला केला. त्या नोटिसा शेवटी मागे घ्याव्या लागल्या, पण ज्यांना त्या मिळाल्या त्यांचा महिना कसा गेला ते मी समोरच्या घरात पाहिलंय.

काँग्रेसच्या सदस्यांचा पगार वर्षाला १ लाख ७४ हजार डॉलर आहे आणि त्याची तरतूद कायमची केलेली असल्यामुळे बंदात तो थांबत नाही. काहींनी तो नाकारला, काहींनी दान केला. त्यांच्या कचेरीत फोन उचलणाऱ्या पोरांचे पगार मात्र थांबले होते.

१ नोव्हेंबरला गोष्ट आणखी खाली गेली. स्नॅप ही इथली अन्नमदत, गरिबांच्या कार्डावर दर महिन्याला पैसे जमा होतात, त्यातून धान्य-भाजी घेता येते. सुमारे ४ कोटी २० लाख लोक, म्हणजे आठांतला एक अमेरिकी माणूस, तिच्यावर अवलंबून. त्या महिन्याचे पैसे जमा झाले नाहीत. ऱ्होड आयलंड आणि मॅसॅच्युसेट्सच्या न्यायालयांनी राखीव निधी वापरा असं सांगितलं, सरकार वरच्या न्यायालयात गेलं, प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचलं. घरातलं दूध संपलेल्या आईनं कोणत्या न्यायालयाचा कोणता आदेश लागू आहे ते शोधत बसायचं का?

त्या आठवड्यात मी आणि मैत्रीण कॅपिटल एरिया फूड बँकेच्या एका वाटप केंद्रावर मदतीला गेलो. ती फर्लोवर होती, मी बिनपगारी. हात रिकामे होते. सरकारी ओळखपत्र किंवा ठेकेदाराचं ओळखपत्र दाखवायचं आणि खोकं घ्यायचं. बटाटे, कांदे, सफरचंदं, तांदूळ, डब्यातल्या शेंगा. लांबलचक रांग, आणि रांगेत इस्त्रीचे शर्ट. एक गृहस्थ गाडीतून उतरायलाच तयार नव्हते. खोकं गाडीत ठेवताना ते माझ्याकडं न पाहता आपण किती वर्षं नोकरीत आहोत तेच सांगत राहिले. मी त्यांना थांबवलं नाही. आपल्याकडंही दुष्काळी कामावर पहिल्यांदा जाणारा शेतकरी खाली मान घालून जायचा, असं आजी सांगायची. देणाऱ्याला शरम वाटायला हवी त्या ठिकाणी घेणाऱ्याला वाटते, हे कुठंच बदललेलं दिसत नाही.

कॅन्टीनवाल्या बाई मला तिथंच भेटल्या. त्यांनी मला ओळखलं, हसल्या, आणि माझ्या अंड्यात मी नेहमी हिरवी मिरची घालून मागते ते आठवून खोक्यात मिरची आहे का असं विचारलं. नव्हती. बोलता बोलता हिशेब सांगितला. भाडं दोन हजारांच्या आसपास. बेकारी भत्त्याचा अर्ज केला होता; मेरीलँडमध्ये तो कितीही झाला तरी आठवड्याला ४३० डॉलरच्या वर जात नाही, आणि त्यांच्या पगारावर तो त्याहून कमी बसत होता. ऑक्टोबरचं भाडं होतं त्या पैशांतून दिलं, नोव्हेंबरचं बहिणीकडून घेतलं. घरमालकाला त्यांनी सांगितलं की बंद उठला की देते. “तुमचा पगार नंतर एकदम येतो ना?” असं घरमालकानं विचारलं. टीव्हीवर तसंच सांगत होते. त्यांनी हो म्हटलं.

बंद उठला तो कसा, हे त्या रांगेत उभ्या असलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. देशभरात सुमारे १३ हजार हवाई नियंत्रक बिनपगारी काम करत होते. काही जण रात्री टॅक्सी चालवत होते, काही जण आजारपणाची रजा टाकू लागले. ७ नोव्हेंबरपासून ४० मोठ्या विमानतळांवरची उड्डाणं सरकारनंच कमी केली. थँक्सगिव्हिंगचा प्रवास तोंडावर आला होता. दोन दिवसांनी, ९ नोव्हेंबरच्या रविवारी रात्री, सेनेटमध्ये डेमोक्रॅटांच्या बाजूच्या आठ जणांनी रिपब्लिकनांबरोबर मत दिलं आणि ६० चा आकडा गाठला गेला. २०१९ मध्येही तेच झालं होतं: २५ जानेवारीला मोजके नियंत्रक कामावर आले नाहीत, न्यूयॉर्कच्या लाग्वार्डिया विमानतळाकडची विमानं थांबवावी लागली, आणि त्याच दिवशी बंद उठला. चार कोटींहून जास्त लोकांचं अन्न थांबलं तेव्हा तिढा सुटला नाही. विमानं थांबू लागली तेव्हा सुटला. नियंत्रकांबद्दल मला आदरच आहे. त्यांनी पाच-सहा आठवडे जे सोसलं ते असह्य होतं. पण कोणाच्या गैरसोयीनं सत्ता हलते ते यातून दिसतं, आणि ते पाहून मला राग येतो.

विम्याच्या सवलतीचं पुढं काय झालं? सेनेटमध्ये मतदान घेऊ असं आश्वासन मिळालं होतं. ११ डिसेंबरला ते झालं, बाजूनं ५१ मतं पडली, ६० लागत होती. वर्ष संपलं, सवलत संपली. काँग्रेसच्या अर्थसंकल्प कार्यालयानं आधीच अंदाज दिला होता की सहा आठवड्यांच्या बंदात देशाचं सुमारे ११ अब्ज डॉलरचं उत्पन्न कायमचं बुडेल. बुडालेल्या अशा पैशाचा आकडा सांगताना तो कुणाच्या खिशातून गेला ते सांगत नाहीत. बाईंचे सहा आठवडे त्यात आहेत.

कॅन्टीन नोव्हेंबरच्या शेवटी उघडलं, कमी माणसांवर. बाई परत आल्या नाहीत. आता त्या एका वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात संध्याकाळच्या पाळीला आहेत, तिथं तासाला पैसे कमी आहेत. मेसेज केला की उत्तर देतात. बहिणीचे पैसे अजून फेडतायत.

१६ जानेवारी २०१९ ला, तो ३५ दिवसांचा बंद चालू असतानाच, ट्रम्प यांनी एका कायद्यावर सही केली. यापुढं बंद कधीही झाला तरी फेडरल नोकरांना थकलेला पगार मिळेलच, असा तो कायदा. भिंतीच्या भांडणात एकमेकांशी एक शब्दही न बोलणारे दोन्ही पक्ष त्यासाठी एकत्र आले होते. सेनेटनं तो एकमतानं मंजूर केला, खालच्या सभागृहात ४११ विरुद्ध ७ मतं पडली. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये व्हाइट हाउसच्या अर्थसंकल्प कार्यालयातून त्या कायद्याचा वेगळा अर्थ लावणारा मसुदा बाहेर आला तेव्हा दोन्ही पक्षांतून आरडाओरड झाली, इतका तो आता हक्क मानला जातो. म्हणजे तिढा असतानाही काम करता येतं. ज्यांना ते आपली माणसं मानतात त्यांच्यासाठी तर बंद चालू असतानासुद्धा करता येतं. २०१९ मध्येच मिनेसोटाच्या सेनेटर टीना स्मिथ यांनी कमी पगाराच्या ठेका कामगारांसाठी असंच विधेयक मांडलं. सफाईवाले, पहारेकरी, कॅन्टीनमधली माणसं. त्याचा कायदा झाला नाही. पैसे ठेकेदाराला द्यायचे की कामगाराला, हिशेब कोण ठेवणार, अशा शंका निघाल्या. बाबा म्हणाले, हे काम त्यांच्या कोषागारातल्या दोन कारकुनांनी आठवड्यात बसवलं असतं: कंत्राटाचा नंबर, हजेरीपत्रक, पगारपत्रक, बंदाच्या तारखा. मला ते पटतं. हजेरीपत्रकं सगळ्या ठेकेदारांकडे असतात.

मी माझ्या सेनेटरच्या कचेरीत फोन करते. बंदात केला तेव्हा एक तरुण मुलगा बोलला. त्यालाही तेव्हा पगार मिळत नव्हता, आणि तरी त्यानं माझं सगळं शांतपणे लिहून घेतलं. बंद उठल्यावर पुन्हा केला. विम्याबद्दल बोलायचंय का, असं त्यानं विचारलं. मी म्हटलं, त्याबद्दलही आहे, पण आधी २०१९ च्या कायद्याबद्दल. त्यात ठेक्यावरच्या कामगारांचं एक कलम घाला, आणि पुढच्या वेळेसाठी नाही, १ ऑक्टोबर २०२५ पासून लागू करा. त्यानं तारीख पुन्हा विचारली. मी पुन्हा सांगितली. मग त्यानं माझा पिनकोड घेतला, आणि मी त्याला ४११ विरुद्ध ७ हा आकडाही शेजारी लिहून ठेवायला सांगितला.